मदत हवी आहे: वजन उतरल्यावर ओघळलेली जबड्याची कड – हायफू की आरएफ? (ठाणे)

तळेकाठ
मोठ्या बहिणीसाठी विचारते आहे. वय ५३, गहूवर्ण, दोन्ही गालांवर फिकट वांग. वर्षभरात ९ किलो वजन उतरलं आणि आता जबड्याच्या कडेला व हनुवटीखाली त्वचा ओघळलीय. गाल मुळातच बारीक. रोज रक्त पातळ करणारी ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चालू आहे. सर्जरी नको म्हणते.

घोडबंदर रोडला एका ठिकाणी 'फुल फेस हायफू, एकच सिटिंग' सांगितलं. नौपाड्यात एका डॉक्टरांनी मायक्रोनीडलिंग आरएफची (बारीक सुयांतून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता) ३ सिटिंग सांगितली. घरात लग्न २० डिसेंबरला, म्हणजे हातात साडेचार महिने. काय निवडावं? आणि वांग असताना हे चालतं का?

चाफा
मशीनचं नाव नंतर. आधी नेमकं काय ओघळतंय ते बघा. जबड्याच्या कडेची घडी चिमटीत धरा. कागदासारखी पातळ लागली तर सैल पडलीय ती त्वचा. जाड, गुबगुबीत लागली तर चरबी. आणि गाल आत गेलेत, त्यामुळे वरचं आवरण खाली सरकलंय, असं असेल तर मूळ अडचण भरावाची आहे. ९ किलो उतरल्यावर बहुधा पहिलं आणि तिसरं एकत्र असतं.

हायफू म्हणजे एका ठरावीक खोलीवर एकवटलेला अल्ट्रासाउंड. कार्ट्रिज साधारण १.५, ३ आणि ४.५ मिमीचे. त्या खोलीवर ६० ते ७० अंशांचे बारीक ठिपके भाजले जातात, ऊतक आकसतं आणि पुढच्या २-३ महिन्यांत नवं कोलेजन तयार होतं. ४.५ चा मारा पोहोचतो स्मासपर्यंत, म्हणजे फेसलिफ्टमध्ये सर्जन जो थर ओढतात तिथे. पण बारीक गालावर हे गणित चुकतं. थर पातळ असल्याने उष्णता उरल्यासुरल्या चरबीत जाते आणि गाल आणखी बसतात. चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि वय कमी दिसण्याऐवजी वाढतं. म्हणून या चेहऱ्याला 'फुल फेस' हे शब्द ऐकले की मी तरी उठून बाहेर पडायला सांगेन. हायफू करायचंच तर हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेपुरतं, गाल सोडून.

डर्मा_डेस्क
चाफा यांच्याशी सहमत. नौपाड्याचा सल्ला जास्त पटतो, पण तोही डोळे मिटून नको.

मायक्रोनीडलिंग आरएफमध्ये सुया आत जातात आणि उष्णता आत सोडली जाते. इन्सुलेटेड (टोक सोडून वर आवरण असलेल्या) सुया असतील तर ती फक्त टोकाशी निघते, वरची त्वचा वाचते. गहूवर्णाला सीओ२ लेझरपेक्षा काळे डाग पडण्याची भीती यात कमी, ती यामुळेच. कमी आहे, शून्य नाही. जबड्याकडे खोली साधारण २ ते ३ मिमी, कपाळावर १ च्या आसपास. सगळीकडे एकच सेटिंग फिरवणारा माणूस नको.

भूल देणारं क्रीम (लिडोकेन २.५ टक्के + प्रिलोकेन २.५ टक्के) ४५ ते ६० मिनिटं ठेवायचं आणि मग पूर्ण पुसून चेहरा कोरडा करायचा. डाग कशामुळे पडतात? हँडपीस तिरका धरला किंवा पल्स सुटताना उचलला, तर सुई अर्धवट आत असते आणि उष्णता वरच सुटते. मग सुयांच्या चौकोनी जाळीचा ठसा महिनोन्‌महिने दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२५ मध्ये याच उपचाराबद्दल इशारा दिला: भाजणं, व्रण, चरबी झिजणं, नसांना इजा. बारीक गालाचा मुद्दा इथेही लागू, गालांवर उथळ आणि कमी ऊर्जा.

वेळापत्रक: दोन सिटिंगमध्ये ४ ते ६ आठवडे. पण वांग असताना थेट सुरुवात करू नका, उष्णतेने ते गडद होऊ शकतं. आधी निदान ६ आठवडे आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन, एसपीएफ ३० च्या वर, चेहरा-मानेला दोन बोटं भरून. पावसाळी ढगांतून यूव्हीए (उन्हातले अतिनील किरण) येतोच, तेव्हा 'ऊन कुठे आहे' हे कारण चालणार नाही. मग कानापुढे एक टेस्ट पॅच, २-३ आठवडे वाट. या हिशोबाने लग्नाआधी दोनच सिटिंग नीट बसतात, पहिलं ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुसरं नोव्हेंबरच्या मध्याला. तिसरं लग्नानंतर. डिसेंबरमध्ये नवं काहीही नको, पार्लरचं ब्लीचसुद्धा.

तळेकाठ
बाप रे, इतकं कुणीच सांगितलं नव्हतं. अ‍ॅस्पिरिन काही दिवस बंद ठेवायची का? आणि घरी वापरायचं आरएफ मशीन ऑनलाइन मिळतं, ते चालेल?

चाफा
ताई, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून अजिबात बंद करू नका. ती ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारा. त्यांनी चालू ठेवा म्हटलं तर थोडे काळेनिळे डाग पत्करा, आठवडा-दहा दिवसांत जातात. पेसमेकर असेल तर आरएफचा विषयच बंद.

घरच्या मशीनची ऊर्जा सुरक्षिततेसाठी मुद्दाम कमी ठेवलेली असते. जबड्याची कड त्याने उचलली जात नाही. त्या पैशांत ट्रेटिनॉइन क्रीम ०.०२५ टक्के बरं (डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, वाटाण्याएवढं, रात्री, सुरुवातीला दोन दिवसांआड). सिटिंगच्या आधी आणि नंतर ५-७ दिवस ते बंद.

सीवूड्स_वेस्ट
क्लिनिकमध्ये विचारायचं ते लिहून न्या, समोर बसलं की विसरायला होतं. हँडपीस कोण धरणार, डॉक्टर की टेक्निशियन? डॉक्टरांची पदवी एमडी स्किन, डीएनबी किंवा डीडीव्हीएल आहे का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी पुरेशी नाही. सुयांची टिप तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, ती एकदाच वापरायची वस्तू आहे. हायफू असेल तर कार्ट्रिजमध्ये किती शॉट उरलेत ते स्क्रीनवर दाखवायला सांगा. संपत आलेला कार्ट्रिज आणि कंजूषपणे लावलेलं जेल, दोन्हींचा फटका चेहऱ्याला बसतो. पहिल्यात काम होत नाही, दुसऱ्यात त्वचेवर भाजल्याच्या रेघा उठतात.

पैसे सिटिंगप्रमाणे द्या, पॅकेजवर सूट असली तरी. मेडिक्लेम यात काही देणार नाही.

तळेकाठ
मग गालांचा भराव? फिलर घ्यायला सांगतील का?

डर्मा_डेस्क
सांगतील, आणि गाल खरंच बसले असतील तर ते चुकीचं नाही. थोडा हायलुरॉनिक अ‍ॅसिड फिलर गालाच्या हाडाशी भरला की जबड्याची कडही थोडी उचलल्यासारखी दिसते. मात्र क्लिनिकमध्ये हायलुरॉनिडेझ (हा फिलर विरघळवणारं इंजेक्शन) हजर असलं पाहिजे. ते नसेल तर तिथे फिलर नको. टोचल्यावर त्वचा पांढरी पडली, जाळीदार निळसर दिसली, वेदना वाढत गेली किंवा दिसायला कमी आलं तर त्याच मिनिटाला डॉक्टर, 'उद्या बघू' नाही. हायफूनंतर ओठाचा कोपरा वाकडा दिसला तर जबड्याच्या नसेला धक्का बसलेला असू शकतो. बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरं होतं, पण दाखवायचं लगेच.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. सौम्य ते मध्यम सैलपणा सुधारतो. लोंबणारी त्वचा यातल्या कशानेच वर जात नाही. फोटो आधीच काढून ठेवा: तीच खिडकी, तीच वेळ, समोरून आणि दोन्ही बाजूंनी.

सीवूड्स_वेस्ट
आणि सिटिंगच्या दिवशी दुचाकीवर नेऊ नका. घोडबंदरच्या धुळीत ताजी टोचलेली त्वचा आणि वर हेल्मेटचा पट्टा नेमका जबड्यावर घासतो. कॅबने न्या, काचा वर.