मदत हवी आहे: जो हीनी यांच्या साल-ठिकाण नसलेल्या ध्वनिमुद्रणांची ओळख कशी पटवावी?

नमस्कार मंडळी,

आयर्लंडच्या शान-नोस या पारंपरिक गायकीचे, त्यातही जो हीनी यांचे, श्रोते इथे कोणी आहेत का? एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या संग्रहातून त्यांच्या गाण्यांच्या काही फायली माझ्याकडे आल्या आहेत. कॅसेटवरून उतरवलेल्या आहेत, पण साल, ठिकाण काहीच लिहिलेलं नाही. स्नेही आता हयात नाहीत, त्यामुळे विचारायची सोय उरली नाही.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: जो हीनी, आयरिशमध्ये शोसव ओ हेनी. जन्म १९१९, गॉलवे परगण्यातल्या कॉनेमारा भागातलं कार्ना. घरीदारी आयरिश बोलली जाणारा, गाण्यांनी भरलेला मुलूख. पुढे पोटासाठी स्कॉटलंड, इंग्लंड; बांधकामावर मजुरी केली. १९६५ मध्ये अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले, पुढे तिथेच स्थायिक झाले. न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीत दरवान म्हणून नोकरी केली. शेवटच्या काही वर्षांत विद्यापीठांत गाणं शिकवलं. १९८२ मध्ये अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली आणि १९८४ मध्ये सिएटलला ते गेले.

गायकी अशी, की साथीला काही नाही. ताल नाही, वाद्य नाही, एकटा गळा. लय शब्दांच्या वजनावर चालते. आपल्याकडे ख्यालात स्वर लांबवायचा तो आकारात. हीनी मात्र ओळीच्या शेवटी 'न', 'म', 'ल' यांवरच थांबतात आणि त्या बंद ओठांतून, टाळूला टेकलेल्या जिभेवरून सूर पुढे नेतात. हरकती अगदी लहान, दोन-तीन स्वरांच्या, आणि दर कडव्यात जागा बदलतात. म्हणूनच एक गाणं एकदा ऐकून भागत नाही.

आता अडचण. माझ्याकडे 'द रॉक्स ऑफ बॉन' दोनदा आहे. खडकाळ जमीन नांगरून थकलेल्या माणसाचं गाणं. पहिल्या फायलीत आवाज स्वच्छ, गाण्याआधी-नंतर एक शब्द नाही. दुसरीत आधी बरंच बोलणं आहे, एक पुरुष आणि एक बाई प्रश्न विचारतात, खुर्ची करकरते, मग गाणं सुरू होतं. तिसऱ्या फायलीत 'तीन मेरींचा विलाप' आहे, ज्यात मेरी पीटरला विचारते की माझ्या लाडक्याला पाहिलंस का. इथे खोकल्याचे आवाज आहेत, धृपदाला तरुण आवाज सामील होतात, पण हीनींचा सूर मात्र बाकी दोन्हींपेक्षा चढा लागतो.

कार्ना सोडलेल्या माणसाचं गाणं लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, विद्यार्थ्यांसमोर कसं बदलत गेलं ते मला ऐकायचं आहे. कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हेच माहीत नसेल तर 'बदललं' म्हणण्याला आधार राहत नाही. निव्वळ कानावर विसंबून साल ठरवायचं नाही. जुन्या मैफलींच्या टेप जमवणारे इथे बरेच आहेत. तुम्ही हे काम कसं करता?

प्रतिसाद १

दुसरी फाइल बहुधा सोपी आहे. इवन मॅककॉल आणि पेगी सीगर या लोकगायक जोडीने १९६४ मध्ये हीनींना इंग्लंडमधल्या आपल्या घरी बसवून सविस्तर मुलाखत घेतली होती, गाण्यांसकट. त्यातला निवडक भाग २००० साली दोन सीडींवर आला. बाईंचा उच्चार अमेरिकन आहे का ते ऐका. सीगर अमेरिकन होत्या. पहिल्या फायलीसाठी टॉपिक या ध्वनिमुद्रण कंपनीची १९६३ ची तबकडी तपासा. हे गाणं तिच्यात आहे.

शिवाय गॉलवेच्या विद्यापीठाने हीनींच्या गाण्यांचं संकेतस्थळ केलं आहे. ध्वनिमुद्रणं, आयरिश शब्द आणि इंग्रजी अर्थ तिथे एकत्र मिळतात. मूळ टेपांचा मोठा साठा सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आहे.

प्रतिसाद २

तिसरीसाठी विजेची गुणगुण पाहा. ब्रिटन-आयर्लंडमध्ये वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. तिची बारीक गुणगुण टेपवर उतरते. ऑडॅसिटी या ध्वनि-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याआधीची दीड-दोन सेकंदांची शांत जागा निवडा, 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा, 'साइझ'चा आकडा ६५५३६ वर ठेवा आणि ५० ते ६५ मध्ये टोक कुठे येतं ते बघा. खालचे सूर कोणी गाळले असतील तर दुप्पट जागी, म्हणजे १०० किंवा १२० च्या आसपास शोधा.

याचा दुसरा फायदा म्हणजे वेग कळतो. टोक ६० च्या थोडं वर असेल तर टेप तेवढी जलद फिरली आहे. साधारण सहा टक्के वेग वाढला की सूर एक पट्टी वर चढतो. एक सांभाळा: टेप भारतात कॉपी झाली असेल तर इथली ५० ची गुणगुणही तिच्यात मिसळलेली असेल. दोन टोकं दिसली तर गोंधळू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या फायलीत खरोखरच दोन टोकं आहेत, एक बरोबर ५० वर आणि एक ६२ वर. म्हणजे ५० चं इथल्या कॉपीचं आणि ६२ चं मूळ अमेरिकेतलं, सव्वातीन टक्के जलद. फाइल तेवढी संथ केली आणि हीनींचा आवाज एकदम भरला. श्वास कुठे घेतात तेही आता स्पष्ट कळतं. सूर चढा लागत होता तो टेपमुळे. तर हे १९६५ किंवा त्यानंतरचं, आणि तरुण आवाज पाहता बहुधा वर्गातलं. हीनींनी कनेटिकटच्या वेस्लियन विद्यापीठात आणि सिएटलला शिकवलं. यातलं कुठलं हे ठरायचं आहे. गॉलवेच्या संकेतस्थळावरच्या प्रतींशी कडवी ताडून पाहायला घेतली आहेत.

दुसऱ्या फायलीतल्या बाईंचा उच्चार अमेरिकनच आहे, तेव्हा १९६४ ची मुलाखत हे जवळपास नक्की.

उरली पहिली. १९६३ ची टॉपिकची तबकडी कोणाकडे असेल तर 'द रॉक्स ऑफ बॉन'चं पहिलं कडवं किती सेकंदांचं आहे आणि शेवटची ओळ ते गातात की बोलून टाकतात, एवढं सांगाल का? माझ्या प्रतीत गातात.