मदत हवी आहे: कंटेनर बंद पडला की लॉगच्या शेवटच्या ओळी मिळत नाहीत

नमस्कार मंडळी,

आमची पायथनमधली एक सेवा आहे. रांगेतून एकेक नोंद उचलायची, तिचं जोडपत्र वाचायचं आणि निकाल डेटाबेसमध्ये टाकायचा, एवढंच तिचं काम. प्रत्येक नोंदीमागे दोन ओळी प्रिंटने स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रॅमचा मजकूर बाहेर पडायच्या नेहमीच्या वाटेवर) लिहितो. टर्मिनलवर चालवलं तर ओळी झरझर दिसतात. डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम इतरांपासून वेगळा ठेवणाऱ्या बंदिस्त जागेत, चालवलं तर बराच वेळ लॉग कोरा, मग एकदम ढीगभर ओळी, मग परत शांतता.

उशीर चालवून घेतला असता. पण कंटेनर अधूनमधून मरतो, आणि मरण्याआधी काय चाललं होतं तेच लॉगमध्ये नसतं. परवाचा शेवट असा होता:

०९:४१:०७ नोंद ५५१२ उचलली
०९:४१:०७ नोंद ५५१२ जोडपत्र वाचतोय

यापुढे काही नाही, एक्झिट कोड १३७. मी दिवसभर ५५१२ च्या जोडपत्राची चिरफाड करत होतो. मग डेटाबेस उघडला, तर तिथे ५५४९ पर्यंतचे निकाल व्यवस्थित जमा! म्हणजे काम झालेलं आहे, ओळी तेवढ्या पोचलेल्या नाहीत.

आणखी दोन निरीक्षणं. एरर आली की तिचा ट्रेसबॅक (चूक कोडमध्ये कुठे झाली ते सांगणाऱ्या ओळी) लगेच दिसतो, कधीकधी तर आधीच्या ओळींच्याही वर. आणि कंटेनर थांबवायची कमांड दिली की तो दर वेळी १० सेकंद घेऊनच थांबतो.

टीममधले काही जण म्हणतात, स्टँडर्ड आउटपुट सोडा, सरळ फाइलमध्ये लॉग लिहा. त्याने हे सुटेल का? की प्रत्येक ओळीनंतर फ्लश करावं, म्हणजे साचलेलं लगेच बाहेर ढकलावं? त्याचा वेगावर किती परिणाम होईल? मला काहीही करून शेवटची ओळ हवी आहे. ती नसेल तर बाकीच्या हजारो ओळींचा मला उपयोग नाही.

प्रतिसाद १: अर्धविराम

तुमच्या ओळी हरवत नाहीत, त्या तुमच्याच प्रोसेसच्या मेमरीत बसून असतात आणि प्रोसेससोबत जातात.

आउटपुट टर्मिनलला जोडलेलं असेल तर पायथन ओळ संपली की ती पुढे ढकलतो. पाइपला (दुसऱ्या प्रोग्रॅमकडे नेणाऱ्या नळीला) किंवा फाइलला जोडलेलं असेल तर मेमरीतल्या साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, काही किलोबाइट साचेपर्यंत थांबतो आणि मग एकदम लिहितो. सीच्या लायब्ररीतही हीच रीत आहे. कंटेनरमध्ये टर्मिनल नसतं, पाइप असतो. म्हणून आधी कोरा लॉग आणि मग ढीग.

तुमचाच हिशोब बघा. ५५१३ ते ५५४९ म्हणजे ३७ नोंदी, दोनदोन ओळी धरून ७४. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, तेव्हा ओळ साधारण ६०-९० बाइटांची. सगळं मिळून साडेपाच किलोबाइटच्या आसपास. बफर भरलाच नव्हता, त्याआधी प्रोसेस गेली.

फाइलमध्ये लिहिल्याने हे सुटणार नाही, कारण फाइलसाठीही बफर असतोच. वर कंटेनर काढून टाकला की त्याच्या आतली फाइलही जाते, आणि ती फुगत गेली तर कापायची जबाबदारी तुमच्यावर. स्टँडर्ड आउटपुटच ठेवा. ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप या सेवा कशा लिहाव्यात हे सांगणाऱ्या नियमावलीच्या ११ व्या मुद्द्यात हेच सांगितलंय: ॲपने आपला लॉग बफर न करता स्टँडर्ड आउटपुटवर सोडावा, तो कुठे साठवायचा याची काळजी ॲपने करू नये.

आज लगेच करायचं असेल तर पायथन सुरू करताना वजा यू हा पर्याय द्या, किंवा कंटेनर जिच्यावरून बनतो त्या इमेजमध्ये पायथन-अनबफर्डचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. कोडला हात लावावा लागत नाही.

प्रतिसाद २: काजवा

वरचं बरोबर आहे, पण मी प्रिंटच काढून टाकेन. पायथनचं लॉगिंग मॉड्यूल वापरा. त्यातला स्ट्रीम हँडलर (ओळी बाहेर लिहिणारा भाग) लॉगच्या प्रत्येक नोंदीनंतर स्वतःहून फ्लश करतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. काही न सांगता तो स्टँडर्ड एररवर लिहितो. आणि मूळ लॉगरची पातळी वॉर्निंग असते, त्यामुळे इन्फोच्या ओळी दिसणारच नाहीत. पातळी स्वतः ठरवून द्या.

ट्रेसबॅक आधीच्या ओळींच्या वर का दिसतो, तेही यातच आलं. तो स्टँडर्ड एररवर जातो आणि तिथे तुंबत नाही. शिवाय डॉकरसाठी हे दोन वेगळे पाइप आहेत, त्यांच्यातला आपसातला क्रम कोणी राखत नाही. म्हणून सगळा लॉग एकाच प्रवाहात सोडा. प्रोग्रॅमचा निकालच स्टँडर्ड आउटपुटवर जात असेल आणि पुढे दुसरा प्रोग्रॅम तो वाचत असेल, तर लॉग स्टँडर्ड एररवर टाका, नाहीतर डेटात लॉग मिसळेल. तुमचा निकाल डेटाबेसमध्ये जातो, तेव्हा दोन्हींपैकी कोणताही एक निवडा.

प्रतिसाद ३: उंबरठा

ते १० सेकंद कोणी सोडून देऊ नका. डॉकर आधी सिगटर्म (आवरून थांब असा सिग्नल) पाठवतो, १० सेकंद वाट बघतो आणि मग सिगकिल (तडक मारणारा सिग्नल). तुमचा पायथन कंटेनरमध्ये १ क्रमांकाची प्रोसेस म्हणून चालत असणार. त्या प्रोसेसने सिगटर्मसाठी हँडलर (सिग्नल आला की चालणारा कोड) लावला नसेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तो सिग्नल तिच्यापर्यंत पोचवतच नाही. म्हणजे दर वेळी तुम्ही तिला सिगकिलनेच मारताय.

हँडलर लावा: हातातली नोंद पूर्ण करायची, लॉगिंग बंद करायचं, मग बाहेर पडायचं. कंटेनर सुरू करताना नुसता इनिटचा पर्याय (१ क्रमांकावर एक छोटी मध्यस्थ प्रोसेस बसवणारा) दिलात तर सिग्नल पोचेल, पण हँडलर नसताना पायथन सिगटर्मला तडक मरतो, बफर रिकामा करायला थांबत नाही.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल. तो तुमच्या थांबवण्यामुळे आला की मेमरी संपल्यामुळे, हे कंटेनर इन्स्पेक्ट करून बघा, तिथे ओओएम-किल्ड (मेमरी संपल्याने मारलं) असा रकाना असतो. मेमरी संपून मारलं असेल तर हँडलरचा काही उपयोग नाही, सिगकिल पकडता येत नाही. तिथे ओळ आधीच बाहेर पडलेली असणं एवढाच इलाज. ती एकदा पाइपमध्ये गेली की कर्नलच्या ताब्यात असते. मग प्रोसेस मेली तरी वाचणाऱ्याला मिळते.

प्रतिसाद ४: पाणकळा

वेगाबद्दल कोणी बोललं नाही. दर ओळीला फ्लश म्हणजे दर ओळीला एक सिस्टिम कॉल, कर्नलला मारलेली हाक. लॉग भरपूर असेल तर पायथनमध्ये क्यू हँडलर आणि क्यू लिसनर आहेत. मुख्य थ्रेड ओळ रांगेत टाकतो, लिहायचं काम दुसरा थ्रेड करतो.

प्रतिसाद ५: अर्धविराम

पाणकळा, इतर ठिकाणी चांगला उपाय आहे, पण इथे नको. रांगही प्रोसेसच्या मेमरीतच असते. सिगकिल आला की त्या ओळीही गेल्या, म्हणजे बफर काढून त्याच्या जागी दुसरा बफर बसवला. धागाकर्त्यांच्या दर दोन ओळींमागे जोडपत्र वाचणं आणि डेटाबेसमध्ये लिहिणं आहे. त्यापुढे एका सिस्टिम कॉलचा खर्च जाणवणारही नाही.

खरा धोका वेगळा आहे. लिनक्समध्ये पाइपची क्षमता सहसा ६४ किलोबाइट असते. पलीकडचा वाचणारा मंदावला आणि पाइप भरला की तुमचं लिहिणं तिथेच अडतं, आणि लॉगपायी सेवा थांबते. डॉकरमध्ये नॉन-ब्लॉकिंग (लिहिणं न अडवणारा) मोड आहे, पण त्यात मधला बफर भरला की ओळी टाकून दिल्या जातात. तुम्हाला ओळ हवीच आहे, तेव्हा ब्लॉकिंगच राहू द्या आणि बडबड कमी करा.

डॉकरचा लॉग साठवणारा नेहमीचा जेसन-फाइल ड्रायव्हर आपणहून फाइल कापत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. कमाल आकार आणि फाइलींची संख्या ठरवून द्या, नाहीतर एक दिवस डिस्क भरेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बफर बंद केला, प्रिंटच्या जागी लॉगिंग आणलं, सिगटर्मचा हँडलर लावला. आता थांबवलं की लगेच थांबतो.

आणि आज कंटेनर परत मेला, तेव्हा हे मिळालं:

१४:२२:५१ नोंद ६०८३ उचलली
१४:२२:५१ नोंद ६०८३ जोडपत्र वाचतोय

ओओएम-किल्डपुढे होकार आहे. ६०८३ चं जोडपत्र उघडून पाहिलं, तर इतरांच्या कित्येक पट मोठं, आणि आमचा कोड ते सगळं एकदम मेमरीत घेतो. आता तुकड्यातुकड्याने वाचायचं ठरवलंय, आणि वाचायच्या आधीच त्याचा आकार लॉगमध्ये लिहायचा.

एक शेवटचा प्रश्न. ट्रेसबॅकच्या वीस ओळी लॉगच्या शोधात वीस वेगळ्या नोंदी म्हणून येतात. त्या एकत्र कशा ठेवायच्या?

प्रतिसाद ६: काजवा

एका घटनेची एकच ओळ, जेसनमध्ये (रकान्याचं नाव आणि मूल्य अशा जोड्या लिहायच्या पद्धतीत). फॉर्मॅटर असा लिहा की वेळ, पातळी, नोंद क्रमांक, संदेश आणि ट्रेसबॅक हे सगळे एकाच ऑब्जेक्टचे रकाने होतील. जेसनमध्ये नवी ओळ हे चिन्ह एस्केप होतं, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलं जातं, त्यामुळे ट्रेसबॅक कितीही लांब असला तरी बाहेर एकच ओळ पडते. बाहेरून आलेल्या मजकुरात कोणी मुद्दाम नवी ओळ घुसवून खोटी लॉग-नोंद तयार करू शकतो, तेही याने बंद होतं.

वेळ यूटीसीमध्ये लिहा, सेकंदाच्या अपूर्णांकासह. तुमच्या दोन्ही ओळींवर एकच सेकंद आहे, त्यातून उचलल्यापासून वाचायला लागेपर्यंत किती वेळ गेला ते कळत नाही. जोडपत्राचा मजकूर मात्र लॉगमध्ये टाकू नका, नुसता आकार पुरे. ओळ १६ किलोबाइटच्या वर गेली की डॉकर तिचे तुकडे करतो, आणि मग ते तुकडे परत जोडल्याशिवाय जेसन वाचता येत नाही.