फोन निवडताना काय बघता आणि वापरताना काय कामाला येतं? अनुभव लिहा

स्पेकखोर

नवा फोन जाहीर झाला की त्याचे स्पेक्स उघडून वाचत बसणं हा माझा छंद आहे, फोन घ्यायचा असो वा नसो. त्यामुळे ओळखीतल्या सगळ्यांचा "यातला कोणता घेऊ" हा मेसेज माझ्याकडेच येतो, सोबत दोन फोन शेजारी शेजारी ठेवलेल्या तक्त्याचा स्क्रीनशॉट. मी दर वेळी उलटं विचारतो, की आत्ताच्या फोनचा वैताग कशाचा येतो ते आधी सांग. निम्मे लोक इथेच गप्प होतात, आणि जे सांगतात त्यांचं दुखणं तक्त्यात सापडत नाही. उन्हात काही दिसत नाही, कॅमेरा उघडेपर्यंत क्षण निघून जातो, एका हाताने धरून टाईप करता येत नाही, असलं काहीतरी असतं.

तक्त्यात ठळक दिसतात ते आकडे जाहिरातीत छापायला सोपे म्हणून ठळक असतात असं माझं स्पष्ट मत आहे. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी नऊ नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, २०० वाला सोळा एकत्र करून साधारण तेवढाच. खरा फरक सेन्सरच्या आकाराचा, आणि तो असतो खाली बारीक अक्षरात, वर अपूर्णांकात. १/१.३ इंच आणि १/२.७६ इंच यात भले भले २.७६ ला मोठा समजतात, तो लहान असतो हो! "८ जीबी + ८ जीबी रॅम" मधली दुसरी ८ म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरायला दिलेला, त्याला रॅमचा वेग कुठून येणार. ४००० निट्स (उजेडाचं माप) ब्राइटनेस असतो तो पडद्याच्या छोट्याशा भागात, एचडीआर (उजेड-अंधार जास्त खुलवणारा) व्हिडिओ चालू असताना, तुम्ही उन्हात मॅप बघाल तेव्हा यातलं फार थोडं वाट्याला येतं. आणि तिसरा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो असेल तर तो कॅमेरे मोजून दाखवायला आहे, फोटो काढायला नाही.

कोणती कंपनी चांगली ही मारामारी कृपया नको, ती बाकी सगळीकडे चालू आहेच. तुम्ही काय बघून फोन घेतला आणि रोजच्या वापरात त्यातलं काय खरंच पुढे आलं, तेवढं सांगा.

थ्रॉटल

गेमिंगवाल्यांकडून मी लिहितो. आंतुतू या वेग मोजणाऱ्या ॲपचा स्कोर बघून फोन घेणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, कारण तो स्कोर थंड फोनचा पहिल्या काही मिनिटांतला असतो आणि आपण खेळतो तो गरम फोन. मी बघतो थ्रीडीमार्क ॲपची स्ट्रेस टेस्ट. तीच एक मिनिटाची चाचणी सलग २० वेळा चालते आणि शेवटी स्टॅबिलिटीची, म्हणजे वेग किती टिकला याची, टक्केवारी येते. शंभरातले ५५ आले तर समजायचं की विसाव्या मिनिटाला तुमच्या हातात अर्धाच प्रोसेसर आहे. थोडा कमी स्कोर पण ९० च्या पुढे स्टॅबिलिटी असलेला फोन मला केव्हाही चालेल.

शिवाय चिपच्या नावावर जाऊ नका, ती बनवली कुणी ते बघा. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आणि ८ प्लस जेन १ यांची मूळ रचना जवळपास एकच, पहिली सॅमसंगच्या कारखान्यात बनली, दुसरी टीएसएमसीच्या, आणि दुसरी चिप तेवढंच काम करताना बरीच कमी तापते. तक्त्यात फरक काय दिसतो तर एक प्लस. आणि बेंचमार्क (वेगाची चाचणी) चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता जोर लावणारे फोन २०१३ पासून पकडले जातायत. २०२२ मध्ये तर सॅमसंगचे एस १० ते एस २२ या मालिकांमधले फोन गीकबेंच या बेंचमार्कने आपल्या यादीतूनच काढले होते, कारण सिस्टीम बाकीच्या ॲप्सचा वेग दाबत होती आणि बेंचमार्कला मोकळं सोडत होती. म्हणून आकडा दिसला की आधी तो कुणी आणि किती वेळ चालवून काढला ते विचारायचं.

अर्धझोप

माझा मुद्दा कुणाच्याच तक्त्यात नसतो म्हणून मुद्दाम लिहिते. रात्री दिवा मालवून फोन वाचायची सवय. एलसीडीवाल्या जुन्या फोनवर तासन् तास वाचायचे, काही व्हायचं नाही. ओलेड पडदा (प्रत्येक बिंदू स्वतः उजळणारा) आला आणि पंधरा मिनिटांत कपाळात ठणका. डोळे तपासले, नंबर तोच. नंतर कळलं की बहुतेक ओलेड पडदे ब्राइटनेस कमी करायचा तर प्रकाश खरोखर मंद करत नाहीत, उघडझाप करतात, आणि जितका कमी ब्राइटनेस तितका अंधाराचा वेळ जास्त. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. काही फोनांत ही उघडझाप सेकंदाला २४० वेळा होते, काहींत १९२०, २१६० किंवा ३८४० वेळा, आणि वेग जितका जास्त तितका माझ्यासारख्यांना त्रास कमी. सगळ्यांनाच होतो असं अजिबात नाही, आमच्या घरात तोच फोन बाकी कुणाला काही करत नाही.

घेण्याआधी बघायची युक्ती सांगते. दुसऱ्या फोनचा कॅमेरा मॅन्युअल मोडवर टाका, शटर १/४००० सेकंदावर न्या, आणि समोरच्या फोनचा ब्राइटनेस अगदी कमी करून त्याच्यावर धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर माझ्यासारखीने तो फोन परत ठेवावा. बारीक आणि फिकट पट्टे असतील तर बरा. आत्ताच्या फोनमुळे अडकलेल्यांनी मूळ ब्राइटनेस वर ठेवून अँड्रॉइडमधलं एक्स्ट्रा डिम चालू करून बघा, मला त्याने बराच आराम पडला.

मनीमाऊचीताई

वाचतेय, छान चाललंय. माझी मांजर काळी आहे आणि संध्याकाळनंतरच अंगात आल्यासारखी पळते, त्यामुळे माझ्याइतकी कॅमेऱ्याची परीक्षा कुणी घेत नसेल 😀 रिव्ह्यूमध्ये रात्रीचे फोटो म्हणून दाखवतात इमारती आणि पुतळे, ते कुठे हलतात! नाईट मोड एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन जोडतो, तेवढ्यात मांजर दुसऱ्या खोलीत. आणि ओआयएस (कॅमेरा स्थिर ठेवायची सोय) असलं की हललेला फोटो येणार नाही हा मोठा गैरसमज, ओआयएस आपल्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याचं पळणं नाही. त्याला शटर वेगवान लागतं, म्हणजे मोठा सेन्सर हवा आणि कंपनीचं सॉफ्टवेअर असं हवं की उजेड कमी झाला तरी लगेच १/२५ वर उतरत नाही.

हे कुठल्या आकड्यात दिसतं? नाहीच दिसत. मी मित्रमंडळींकडून त्यांच्या फोनमधले लहान मुलांचे, कुत्र्यामांजरांचे घरातले फोटो मूळ फाईल म्हणून मागवते, व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेले नाही कारण ते दाबून लहान केलेले असतात, आणि माहितीत शटरचा आकडा बघते. ज्याचा १/१०० च्या आसपास राहतो आणि तरी चेहरा चिखल होत नाही तो माझा फोन.

काकूऑनलाईन

निवृत्त गणित शिक्षिका आहे, त्यामुळे इंचांचा गोंधळ मला सहन होत नाही. साडेपाच इंचांवरून साडेसहा इंचांवर गेलो म्हणजे फोन हातात मावणार नाही असं सगळे म्हणत होते. इंच मोजतात कर्णात, आणि फोन धरतात रुंदीत! जुना पडदा १६:९ चा, नवा २०:९ चा. पायथागोरस लावा, ५.५ इंचांच्या जुन्या पडद्याची रुंदी येते साधारण ६८.५ मिलिमीटर आणि ६.५ इंचांच्या नव्याची ६७.८. म्हणजे नवा अरुंद निघाला, फक्त उंच झाला. माझा अंगठा डावीकडच्या कडेपर्यंत पोचतो की नाही हे रुंदीवर ठरतं, त्यामुळे मी आता कर्ण वाचतच नाही, डायमेन्शन्स मधला मधला आकडा वाचते आणि शेजारी वजन. १९० ग्रॅमच्या वर गेलं की मनगट बोलायला लागतं.

बाकी तुम्ही मंडळी बोलण्याचा आवाज कसा येतो यावर एक अक्षर लिहीत नाही याची गंमत वाटते.

स्पेकखोर

काकू, हा हिशोब मी चोरणार आहे. फक्त वरची कड विसरू नका, उंच फोनात नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढायला अंगठा पुरत नाही, त्यासाठी एकहाती मोड आहे का आणि तो नीट चालतो का ते बघून घ्या.

काकूऑनलाईन

मी होम स्क्रीनवर कुठेही बोट खाली ओढलं की पट्टी उघडेल असं सेटिंग करून घेतलंय. आवाजाचं काय ते सांगा.

स्पेकखोर

बरोबर पकडलंत. आवाजाचा तक्त्यात रकानाच नाही, फोन करून बघणे हाच उपाय. घेण्याआधी कुणाला तरी खरा कॉल लावा, गर्दीत उभं राहून.

ऐकूनवाचतो

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं ॲप) फोन वापरतो, त्यामुळे वरची निम्मी चर्चा (निट्स, ओलेड वगैरे) माझ्यासाठी मोफत मनोरंजन आहे. पण फोन मी पण हौसेने निवडतो आणि माझी यादी वेगळी.

एक नंबर फिंगरप्रिंट कुठे आहे. पडद्याखालचा सेन्सर गुळगुळीत काचेवर चाचपून शोधायचा म्हणजे शिक्षा आहे. बाजूच्या पॉवर बटणातला उत्तम, बोट आपोआप जातं. चेहऱ्याने उघडणारा फोनही चालतो पण फोन तोंडासमोर नीट धरलाय की नाही हे दुसऱ्या कुणी सांगावं लागतं सुरुवातीला.

दुसरं म्हणजे ३.५ मिमीचा हेडफोन जॅक, जो आता जवळजवळ संपलाच. डोळस लोकांना वाटतं ब्लूटूथने काय बिघडतं. व्हिडिओत ॲप आवाज आणि चित्र जुळवून घेतं म्हणून तुम्हाला उशीर जाणवत नाही. माझ्याकडे मी बोट सरकवतो आणि त्या आयकॉनचं नाव ऐकतो, मग पुढे सरकवतो. प्रत्येक सरकवण्याला पाव सेकंद उशीर झाला तर मी आयकॉन ओलांडून पुढे गेलेलो असतो आणि कानात मागच्याचं नाव येतं. टाईप करताना तर विचारूच नका, अक्षर दोन बोटं मागून बोलतं. म्हणून जॅक नसेल तर टाईप सी चा वायरवाला हेडफोन चालतो का हे पहिलं बघतो.

तिसरं, प्रोसेसर. माझ्यासाठी पडदा बहुतेक वेळ काळाच असतो, ग्राफिक्सचं ओझं नाही, तरीही स्वस्त चिपवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) अडखळतं आणि आपल्याला वाटतं बोट चुकलं. २०२१ मध्ये टॉकबॅकला अनेक बोटांच्या खुणा आल्या, त्यासुद्धा काही कंपन्यांच्या स्वतःच्या खुणांशी भांडतात, तीन बोटं ओढली की स्क्रीनशॉट निघतो. आणि व्हायब्रेशन मोटर! तिचा उल्लेख कुणी करत नाही. चांगली मोटर टक् असा एक स्वच्छ ठोका देते, वाईट मोटर सगळ्याला सारखीच गुरगुरते. मला त्या ठोक्यावरून कळतं बटण लागलं की यादीचा शेवट आला.

थ्रॉटल, तुमच्यासारखे लोक मोटर मोजत का नाहीत हो?

थ्रॉटल

खरं सांगू का, पहिली गोष्ट मी ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करतो. आता चालू करून बघतो.

उगाचच

मी तुलना करत नाही. गेल्या वर्षीचा वरच्या दर्जाचा फोन घेतो आणि गप्प बसतो, यंदाच्या मधल्या दर्जाच्या फोनपेक्षा कॅमेरा, बांधणी, व्हायब्रेशन (वरच्या भाऊंना) बहुतेक वेळा सरसच निघतं. एकच पथ्य आहे, अपडेटची मुदत बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्या दिवसापासून नाही. गूगलच्या पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस २४ ला २०२४ मध्ये सात सात वर्षं जाहीर झाली, त्यातलं गेलेलं वर्ष वजा करा तरी भरपूर उरतं. पण तीन वर्षांची मुदत असलेला फोन दोन वर्षं जुना घेतला तर मग बँकेचं ॲप त्यावर ठेवताना विचार करा.

हो, आणि स्टोरेज. एकाच नावाचा फोन असला तरी आत एकच माल असेल असं नाही. सॅमसंगच्या एस २३ च्या १२८ जीबीवाल्यात यूएफएस (वेगवान स्टोरेजचा प्रकार) ३.१ होतं आणि २५६ वाल्यात ४.०. अगदी स्वस्तात तर अजून ईएमएमसी (जुना, हळू प्रकार) घालतात, तो फोन पहिले सहा महिने ठीक चालतो, मग स्टोरेज भरत आलं की गॅलरी उघडायला जांभई देतो.

चार्जरकुठाय

दोन ओळी फक्त. टाईप सी म्हणजे वेगवान असं नाही, ते भोकाच्या आकाराचं नाव आहे. माझ्या फोनात आत यूएसबी २ आहे, म्हणजे ४८० मेगाबिट, सुट्टीचे व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवायला लावून मी जेवून येतो. स्पेक्सच्या अगदी तळाला लिहिलेलं असतं, तिथपर्यंत स्क्रोल करा. आणि १०० वॉट, १२० वॉट हे त्याच कंपनीच्या चार्जर आणि केबलवर. दुसऱ्याचा चार्जर लावला की फोन पीडी वर किंवा पीपीएस वर (सगळ्या कंपन्यांना चालणाऱ्या चार्जिंगच्या पद्धती) कितीवर घेतो ते विचारा, कधी कधी १८ वरच थांबतो.

स्पेकखोर

बॅटरी निघालीच आहे तर. एमएएच (बॅटरीची क्षमता) सगळे बघतात, सायकल कुणी बघत नाही. युरोपात जून २०२५ पासून नव्या फोनांना नियम आला की ८०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही बॅटरीची क्षमता किमान ८० टक्के राहिली पाहिजे, आणि फोनच्या एनर्जी लेबलवर सायकलचा आकडा छापावा लागतो. सोबत एका चार्जमध्ये किती तास हा आकडा, आणि पडल्यावर किती टिकतो व दुरुस्तीला किती सोपा याच्या श्रेणी असतात. ही लेबलं ईपीआरईएल नावाच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये कुणालाही बघता येतात, तुम्ही कुठेही राहत असा. फक्त मॉडेल नंबर जुळवून घ्या, नाव नाही, कारण काही फोनांची बॅटरी तिथल्या आवृत्तीत लहान असते. काकू, आवाजाचा रकाना त्याही लेबलवर नाहीये.