डेटाशीटही वाचावी
सेन्सर, मोटार आणि सौर पॅनेल यांच्या अभ्यासासाठी नेहमी सुचवली जाणारी एनपीटीईएलची (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची) व्याख्याने उत्तमच आहेत. मात्र विद्यार्थ्यांनी त्यांच्या जोडीला प्रत्येक घटकाची डेटाशीटही, म्हणजे उत्पादकाने दिलेले तांत्रिक माहितीपत्रकही, वाचावी, असे मला वाटते. आर्डुइनो ऊनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावरील एटीमेगा३२८पी चिपच्या एका पिनसाठी ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा डेटाशीटमध्ये दिलेली असते. छोटी डीसी मोटारसुद्धा सुरू होताना याहून कितीतरी अधिक प्रवाह खेचत असल्याने मध्ये एल२९३डीसारखा ड्रायव्हर (मोटारीला जास्त प्रवाह पुरवणारी वेगळी चिप) का लावायचा, हे मग पाठ करावे लागत नाही. (चिप जळाल्यावरही ते कळते, पण तो मार्ग महाग.) पॅनेलवर छापलेले वॅट सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेले असतात, उन्हात पॅनेल तापले की व्होल्टेज घटते, आणि हे साध्या मल्टिमीटरने गच्चीवर तपासता येते.