ब्रेकचं काम करून आणलं तरी गाडी वाजतीय? तुमचे अनुभव लिहा

ब्रेकचं काम झालं आणि त्यानंतरच गाडी वाजायला लागली, असं कोल्हापुरातल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतंय. गॅरेजवाले म्हणतात नवीन पॅड (ब्रेक दाबला की चाकाच्या चकतीला घासून गाडी थांबवणारे तुकडे) हायत, घासून घासून बसतील. बसतात पण कधी कधी. पण सगळ्याच आवाजांना ते लागू होत नाही, आणि माणूस ब्रेकवर जीव टाकून घाट उतरत असतो. म्हणून नुसतं 'आता ठीक आहे' नको, आवाज कसला होता, कधी यायचा आणि चाक खोलल्यावर काय निघालं ते आपल्या भागाचं नाव टाकून लिहा.

राजारामपुरी :
पुढचे पॅड बदलले आणि गॅरेजमधून बाहेर पडल्यापासून पत्रा घासल्यासारखा खर्रर्र आवाज, ब्रेक दाबा नाहीतर सोडा, चालूच, आणि वळण घेताना कमीजास्त व्हायचा. दोघा-तिघांनी बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं. शेवटी उद्यमनगरातल्या एका फिटरमामांनी चाक काढून डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ती चकती, हातानं फिरवली, तर तिच्या आतल्या अंगाला गोल चकचकीत रेघ उठलेली. डिस्कमागचा जो पातळ पत्रा असतो तो काम करताना वाकून डिस्कला टेकला होता. स्क्रू ड्रायव्हर घालून मागं ओढला, आवाज बंद, एक रुपयाचा पार्ट लागला नाही. बेअरिंगचा आवाज घुमल्यासारखा असतो आणि स्पीडबरोबर वाढत जातो, हा तसला नव्हताच.

कसबा बावडा :
आमची गाडी हळू जाताना किंचाळायची, कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबायचं म्हटलं की लोक वळून बघायचे. जोरात ब्रेक मारला तर आवाज नाही, हलका पाय ठेवला की सुरू. पॅड चांगल्या कंपनीचे होते पण मागच्या शिम (पातळ पट्ट्या) लावल्याच नव्हत्या आणि पॅड जागेवर धरणाऱ्या क्लिपा जुन्याच, गंजलेल्या. नव्या क्लिपा, शिम आणि पॅडच्या पाठीला ब्रेकचं ग्रीस, एवढ्यावर थांबला. ग्रीस घासणाऱ्या बाजूला चुकूनही लागता कामा नये हां.

गगनबावडा रोड :
माझं सगळ्यांनी वाचा. करूळ घाट उतरून वैभववाडीला थांबलो तर डाव्या पुढच्या चाकातून जळका वास, रिमजवळ हात नेला तरी धग लागत होती, उजवं चाक मात्र नॉर्मल. गाडी डावीकडं ओढत पण होती. खोलल्यावर आतला पॅड जवळजवळ त्याच्या पाठीच्या पत्र्यापर्यंत संपलेला आणि बाहेरचा निम्म्याच्या वर शिल्लक. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांच्यावर सरकतो त्या पिना सुकून जाम झालेल्या, कॅलिपर मागं सरकतच नव्हता. आधीच्या कामात नुसते पॅड बदललेले, पिना काढून बघितल्याच नव्हत्या. दोन पॅड असे कमीजास्त झिजलेले दिसले तर नवे पॅड टाकून भागत नाही, आधी पिना आणि पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) बघायला लावा.

रंकाळा :
रात्रभर पावसात गाडी उभी असली की सकाळी खरखर, चारदोन ब्रेक मारले की गायब. डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो तेवढंच, त्यासाठी गॅरेज गाठायची गरज नाही.

उद्यमनगर (माझं स्वतःचं गॅरेज आहे) :
वरचे सगळे अनुभव बरोबर हायत. माझ्याकडून थोडं. पॅड बदलताना जुन्या डिस्कला काठ आलेला असतो किंवा चर पडलेले असतात, त्यावर नवा पॅड नीट बसत नाही. लेथवर फेसिंग करून, म्हणजे डिस्क सपाट करून घेता येतं, पण कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मापूनच करायचं. नवे पॅड 200-300 किमी बेतानं वापरा, एकदम करकचून दाबू नका. आणि आवाज बंद करायला ऑइल नाहीतर गंजाचा स्प्रे डिस्कवर मारणारे लोक मी बघितलेत, कृपा करून करू नका, ब्रेक लागायचाच नाही. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर गाडी आहे तिथंच उभी करा.

शाहूपुरी :
दादा, माझ्या गाडीचं वेगळंच आहे. रिव्हर्स घेऊन परत पुढं निघाले आणि ब्रेक मारला की एकदाच 'टक' होतं. पॅड मागच्याच महिन्यात बदललेत.

उद्यमनगर :
ताई, दिशा बदलली की पॅड ब्रॅकेटमध्ये (तो बसतो त्या चौकटीत) सरकतोय. बहुतेक क्लिपा ढिल्या नाहीतर राहून गेल्यात. पण कॅलिपरचा बोल्ट नीट आवळला नसला तरी असाच टक येतो, म्हणून जवळच्या गॅरेजला आजच चाक काढून दोन्ही बोल्टांना पाना लावून बघायला सांगा, तोवर पन्हाळा-जोतिबा काही काढू नका.