शब्दचर्चा: 'ऊन लागणे' की 'उष्माघात'? आणि 'फील्स लाइक'ला काय म्हणायचं?

पानगळ
मदत हवी आहे. ठाण्यातल्या नाका कामगारांसाठी एका पानाचं पत्रक मराठीत करतेय. मूळ मजकुराचा आशय असा: पारा ३५ वरच असला तरी हवा दमट असेल तर उष्माघाताचा धोका वाढतो, तेव्हा नुसता पारा बघू नका, 'फील्स लाइक' आकडा बघा, म्हणजे दमटपणा धरून अंगाला किती गरम लागतं तो. या 'फील्स लाइक'ला काय म्हणू? 'भासमान तापमान' लिहिलं होतं. ते वाचून एक गवंडी म्हणाला, "म्हणजे खोटं?" आणि 'उष्माघात' वाचून शेजारची बाई म्हणाली, "घात कुणी केला?" शनिवारी छापायला द्यायचंय.

धंतोलीकर
उष्माघात काहून लिहून राहिले? 'ऊन लागणे' लिहा. नागपुरात लहान पोरालाही समजते. फार झालं तर 'लू लागली'.

सवर्णदीर्घ
'लू' हिंदी आहे. आणि त्या बाईंची शंका रास्त आहे, कारण शब्दात 'घात' नाहीच. ऊष्मन् + आघात, समासात न् गळतो, राहतं ऊष्म + आघात. पक्षाघातात जो आघात, तोच इथे. मुळात पहिलं अक्षर दीर्घ हवं, 'ऊष्माघात'. वर्तमानपत्रांनी ऱ्हस्व केलं आणि आपण मुकाट्याने घेतलं.

मतलई
संस्कृतात उष्मन् असाही पाठ मिळतो हो. ऱ्हस्वासाठी वर्तमानपत्रांना फाशी देऊ नका.

पानगळ
ऱ्हस्व-दीर्घ बाजूला ठेवूया का? 'ऊन लागणे' मलाही आवडतं, पण अडचण वेगळी आहे. ऊन म्हटलं की लोकांना वाटतं सावलीत बसलो की सुटलो. इथे तर पत्र्याच्या शेडमध्ये बसून पॅकिंग करणाऱ्या बायकांना त्रास होतो. डोक्यावर ऊन नाहीच.

गुळवेल
मी डॉक्टर आहे, म्हणून दोन शब्द. शरीराचं तापमान ४० च्या वर आणि सोबत डोकं ठिकाणावर नसणं, म्हणजे बरळणं, झटके, शुद्ध हरपणं, हे दोन्ही एकत्र दिसलं की आम्ही उष्माघात म्हणतो. त्यात उन्हाचा काही संबंध नाही. स्लॅबखालच्या खोलीत रात्री दोन वाजताही होतो, विशेषतः म्हाताऱ्यांना. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर धग सोडत राहतो आणि शरीराला निवायला वेळच मिळत नाही. आणि कृपया "घाम बंद झाला तरच उष्माघात" असं लिहू नका. पाटी उचलता उचलता कोसळलेला माणूस घामाने निथळत असू शकतो.

ओसरी
'धग' किती दिवसांनी ऐकला!

सवर्णदीर्घ
पानगळ, तुमचा मुद्दा चुकतोय. 'ऊन' म्हणजे सूर्यप्रकाश हा नंतरचा अर्थ. उष्ण, प्राकृतात उण्ह, मराठीत ऊन. "ऊन ऊन वरणभात" म्हणतो तेव्हा ताटात सूर्य असतो का? राजापूरजवळ उन्हाळे नावाचं गाव आहे, गरम पाण्याच्या झऱ्यावरून. पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, तेच. म्हणजे 'ऊन लागणे' याचा मूळ अर्थ उष्णता लागणे हाच. सावलीतही लागू शकतं.

पानगळ
हे पॅकिंगवाल्या बायकांना कोण सांगणार?

ओसरी
ऊन-उन्हाळीवरून आठवलं. आमच्या पुण्याच्या शेजारणीची सून बाहेरून आलेली, मराठी शिकत होती. फोनवर सासूला म्हणाली, "यांना उन्हाळी लागली, चक्कर आली." सासूबाईंनी सब्जा आणि धन्याचं पाणी द्यायला सांगितलं, कारण उन्हाळी लागणं म्हणजे लघवीला जळजळ. इकडे नवरा गॅलरीत आडवा. 'ऊन लागलं' म्हणायचं होतं तिला! तेव्हा पत्रकात जपून.

धंतोलीकर
आमच्याकडे खिशात कांदा ठेवते.

गुळवेल
कांदा खिशात ठेवा, पण माणूस बरळायला लागला तर अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

मतलई
मूळ प्रश्न दमट हवेचा होता ना? त्यासाठी आमच्या किनाऱ्यावर शब्द पडलेत. गदमदणं, उकडणं, कुंद. नागपूरची रखरख आणि अलिबागची गदमद या दोन वेगळ्या चिजा आहेत. दुपारी खारा वारा वेळेवर आला तर निभतं. जमिनीवरून येणारा मतलई ज्या दिवशी हटत नाही, त्या दिवशी मुंबईचा पारा चढतो. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानात ४० आणि किनाऱ्याला ३७ असा वेगळा उंबरठा धरतं, ते उगाच नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात १४ माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

धंतोलीकर
म्हणजे आमचे ४५ काहीच नाही? कोरड्या हवेत माणसं मरत नाहीत का?

गुळवेल
मरतात की. तुमच्याकडे घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो, म्हणून किती पाणी गेलं ते कळत नाही. वर हवाच अंगापेक्षा गरम, तेव्हा पंखा उलट तापवतो. किनाऱ्याला घाम निथळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम काही गार करत नाही. ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर फील्स लाइक ४५ च्या आसपास जातं.

ओसरी
अगदी माठासारखं! नागपूरला माहेरी मे महिन्यात माठातलं पाणी दाताला झोंबायचं. तोच माठ दादरला आणला तर बाहेरून नुसता पाझरायचा, पाणी कोमटच. मी कुंभाराला नावं ठेवली होती.

सवर्णदीर्घ
आणि घाम म्हणजे घर्म. घर्म म्हणजे उष्णता. उत्तरेकडे 'घाम' म्हणजे आजही ऊन. आपण परिणामाला नाव दिलं, त्यांनी कारणाला. फारसी 'गर्म' त्याच कुळातला, त्यामुळे 'गरमी'ला परका म्हणणाऱ्यांनी जरा

धंतोलीकर
'लू'ला परका तुम्हीच म्हणाले होते.

सवर्णदीर्घ
लू आणि गरमी यांत फरक आहे. सविस्तर लिहीन.

पानगळ
सविस्तर शनिवारनंतर लिहा, प्लीज. फील्स लाइक?

सवर्णदीर्घ
संवेद्य तापमान.

मतलई
हे गवंड्याला ऐकवून बघा. तो हातातली थापी फेकून मारेल. 'अंगाला लागणारी गरमी' लिहा की सरळ.

गुळवेल
याहून नेमकं माप म्हणजे तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून घेतात ते. भूगोलाच्या प्रॅक्टिकलला होतं बघा. ते ३५ ला पोचलं तर धडधाकट माणूसही सावलीत, ओला होऊन, पंख्याखाली फार तास तग धरू शकत नाही. त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो. पण पत्रकात 'ओल्या फुग्याचं तापमान' लिहिलंत तर लोकांना होळी वाटेल.

मतलई
शब्दच कशाला? अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ ला गेला, माणसं गेली, मग २०१३ मध्ये महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला. त्यात इशाऱ्याला नुसते रंग: पिवळा, नारंगी, लाल. ४५ झाले की लाल. ना भासमान, ना संवेद्य.

पानगळ
पण तो लालही पाऱ्यावरच ठरतो. ठाण्यात ४५ व्हायच्या आधीच बायका कोसळतात, माझं तेच तर म्हणणं आहे. 'अंगाला लागणारी गरमी' ठेवू का? की 'माठ पाझरतो पण गार होत नाही, तसा दिवस' असं काही?

सवर्णदीर्घ
व्याख्येच्या जागी उपमा वापरू नये.

धंतोलीकर
माठाचं एकदम बरोबर आहे. पण माठ कोणता, काळा की लाल?

ओसरी
लाल. काळ्याला पहिले आठ दिवस धुराचा वास येतो.

मतलई
काळाच. आमच्याकडे वास यावा म्हणूनच घेतात.

पानगळ
उद्या शनिवार आहे.

धंतोलीकर
खाली रेतीचा थर द्यायचा नं, अन् त्यावर रोज पाणी.