‘जेरुसलेमा’ नक्की कुणाचं? गायिका नोमसेबो झिकोडेच्या धडपडीच्या वर्षांवरून चर्चा

रागिणी_नाशिक
2020 मध्ये टाळेबंदीत अख्खं जग ‘जेरुसलेमा’ या दक्षिण आफ्रिकी गाण्यावर नाचलं. अंगोलातल्या मंडळींनी हातात जेवणाच्या थाळ्या धरून केलेला नाच आठवत असेल. पण हे गाणं कुणाचं म्हटलं की उत्तर येतं, मास्टर केजी. तो संगीतकार-निर्माता. आवाज नोमसेबो झिकोडेचा, दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या हॅमर्सडेलची ही झुलू गायिका. गीतलेखनातही तिचं नाव आहे. कित्येक वर्षं ती इतरांच्या मागे कोरसमध्ये गात होती. 2016 मध्ये डीजे गान्यानीच्या ‘एमाझुलविनी’ने तिचा आवाज दक्षिण आफ्रिकेत गाजला, तेव्हाही ठळक नाव डीजेचं आणि तिचं नाव ‘फीचरिंग’ (म्हणजे पाहुणी गायिका) या शब्दानंतर. स्वतःचा पहिला अल्बम आला थेट 2020 मध्ये, पस्तिशीच्या आसपास. मला ही प्रथा सरळसरळ अन्यायाची वाटते.

ठेका_धरा
मला नाही पटत. हाउस म्हणजे क्लबातल्या नाचाच्या संगीतात गाणं तालापासून जन्मतं. मास्टर केजी या लिम्पोपो प्रांतातल्या विशी-पंचविशीतल्या पोराने ‘जेरुसलेमा’ची चाल बांधली आणि मग हिला बोलावलं. क्लबात गर्दी जमते ती डीजेच्या नावावर. ‘एमाझुलविनी’ नसतं तर कोरसमधली ही बाई पुढे आलीच नसती. ‘फीचरिंग’ हीच तिची पायरी होती.

रागिणी_नाशिक
पायरी असेल, पण तिच्यावर किती वर्षं उभं ठेवायचं? जुलै 2021 मध्ये तिला जाहीरपणे सांगावं लागलं की ‘जेरुसलेमा’चे पैसे आपल्यापर्यंत पोचलेले नाहीत. जगभर वाजलेलं गाणं, दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी लोकांना ज्यावर नाचायला सांगितलं ते गाणं!

ठेका_धरा
त्यावर मास्टर केजीचंही म्हणणं आहे ना. वाटा निम्मा-निम्मा ठरला होता, नंतर सत्तर टक्के मागितले, असं तो म्हणाला. एकच बाजू मांडू नका.

वकिलीण_बाई
इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. गीतकार म्हणून मिळणारं मानधन वेगळं आणि ध्वनिमुद्रणातून येणारा गायिकेचा वाटा वेगळा. हा वाद आपल्याला काही नवा नाही. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे मिळाले की हक्क संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं. मी लताबाईंच्या बाजूची. नोमसेबो तर गाते आणि लिहितेही, तिचा दावा दुप्पट भक्कम आहे. नाव कुठे छापलं यापेक्षा करारात वाटा किती लिहिलाय ते आधी बघा.

रागिणी_नाशिक
नावही तितकंच महत्त्वाचं, ताई. पुढचं काम नावावर मिळतं. 2023 चं ग्रॅमी मिळालेलं ‘बायेथे’ बघा, वाउटर केलरमन, झेक्स बान्टविनी आणि नोमसेबो, तिघांची नावं बरोबरीने. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

ठेका_धरा
जमलं, कारण तोवर तिला जग ओळखत होतं. ती ओळख ‘जेरुसलेमा’नेच दिली.

रागिणी_नाशिक
आणि ‘जेरुसलेमा’ला आवाज कुणी दिला? तिच्या गळ्याशिवाय ती चाल वाजवून बघा, कितीजण नाचतात ते. 2016 मध्येच तिचं नाव मुख्य कलाकार म्हणून छापलं असतं, तर पहिल्या अल्बमसाठी तिला आणखी चार वर्षं थांबावं लागलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.